खर्जासाठी डोकं

माउंट नेबो, मिसिसिपी
११ मार्च १९७४

ती. लेम मामास,
वर्लीनचा सप्रेम सलाम. वि. वि.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. सगळे म्हणजे मी आणि बाबा. आई गेल्यापासून घरात 'सगळे' म्हणायला दोनच माणसं उरली आहेत. ती तुला दर महिन्याला लिहायची, ते काम आता माझ्याकडे आलं आहे. तिच्यासारखं वळणदार अक्षर माझं नाही, तेवढं चालवून घे.

शाळा बरी चालली आहे. दुसरीच्या पोरांना पाढे येत नाहीत, पण मी रविवारी चर्चमध्ये बेस गिटार, म्हणजे खर्जाची गिटार, वाजवते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रदर टेट यांची बोटं आखडली आणि ती गिटार माझ्या गळ्यात पडली, हे आईने तुला कळवलंच असेल. वाजवायला मला आवडतं. अडचण तिच्या आवाजाची आहे. आमचा अँप्लिफायर ट्रान्झिस्टरचा आहे, टपालाने मागवलेला, वजनाला हलका आणि आवाजालाही. मागच्या महिन्यात शेजारच्या गावी कार्यक्रम झाला. तिथल्या एका म्हातारीने माझा हात हातात घेऊन सांगितलं, की पोरी, तुझी बोटं छान हलत होती, पण वाजवत काय होतीस?

मला हसू आलं, बाबांना आलं नाही. ऑगस्टमध्ये, बाबा गातात त्या आमच्या चर्चच्या ज्युबिली गायनगटाचा तिसावा वर्धापनदिन आहे. चार गावांचे गट गायला येणार आहेत. बाबांनी परवा जेवताना सरळ सांगून टाकलं, की पायाखाली जमीनच नसेल तर वरच्या आवाजांनी उभं कशावर राहायचं, या वर्षी खालचा आवाज भरला नाही तर हा वर्धापनदिन शेवटचा. ते उगाच बोलत नाहीत. आई गेली, आता गाणंही गेलं तर ते संध्याकाळभर त्या ओट्यावर नुसते बसून राहतील, आणि ते मला बघवणार नाही.

म्हणून मला व्हॉल्व्हचा, जुन्या रेडिओत असतात तसल्या काचेच्या नळ्यांचा अँप्लिफायर घ्यायचा आहे. स्पीकरच्या दोन पेट्या चांगल्या आहेत, फक्त वर ठेवायचा भाग हवा. दुकानदार त्याला 'डोकं' म्हणतो. मी बाबांना म्हटलं मला डोकं घ्यायचंय, तर ते म्हणाले, उशीर झाला, पण विचार चांगला आहे. पैसे बेताचेच आहेत. ग्रीनवूडच्या दुकानात एक नवं आहे, पण तेही ट्रान्झिस्टरचंच. दुकानदार म्हणतो, यात वॉट जास्त आहेत आणि एका हाताने उचलता येतं. तू डेट्रॉइटला राहतोस, तिथे गल्लोगल्ली वाजंत्री. काय घेऊ ते सांगशील?

बाबांना हे पत्र लिहिल्याचं सांगितलेलं नाही. लोभ आईवर होता तेवढा माझ्यावर असू दे.

तुझी भाची,
वर्लीन

*

डेट्रॉइट
२४ मार्च १९७४

चि. वर्लीन हिस
लेम मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षराची काळजी करू नकोस, तुझ्या आईचं वळणदार अक्षर मला अर्धं लागायचंच नाही.

कारखान्यात माझं रंगखात्यात बरं चाललं आहे. गुडघा कुरकुरतो, फोरमन त्याहून जास्त. इथल्या चर्चमध्ये जातो, मागच्या बाकावर बसतो, आणि तिथे कुणालाच माहीत नाही की मी कधी गायचो. तेही बरंच आहे.

आता तुझा प्रश्न. तू हे कुणाला विचारते आहेस याची तुला कल्पना नसावी, म्हणून एकदाच सांगतो आणि मग विषय बंद. ज्युबिली गटात खर्ज मी गायचो. तळाचा आवाज, ज्यावर बाकीचे तिघे उभे राहायचे. १९५७ साली सगळ्या गटांनी बेस गिटार घ्यायला सुरुवात केली. तार थकत नाही, पगार मागत नाही, सर्दी होत नाही. एका रविवारी मी चर्चमध्ये आलो, तर माझ्या जागेवर गिटारची एक लांब काळी पेटी ठेवलेली. तुझे बाबा म्हणाले, लेम, तू आता मधल्या आवाजात ये. मधल्या आवाजात! मी त्याच आठवड्यात डेट्रॉइटची बस धरली. मला ज्या वाद्याने उठवलं, त्याचा आवाज मोठा कसा करायचा ते तू मलाच विचारते आहेस. डीकनसाहेबांना, म्हणजे तुझ्या बाबांना, कळलं तर त्यांना पहिल्यांदाच माझ्यावर हसू येईल.

पण तू माझ्या बहिणीची, इडाची मुलगी आहेस. तेव्हा ऐक.

वॉटच्या नादी लागू नकोस. आमच्या कारखान्यातला एक जण शनिवारी क्लबात बेस वाजवतो. तो म्हणतो, व्हॉल्व्हचे शंभर वॉट खोली भरतात, ट्रान्झिस्टरचे शंभर कागदावर राहतात. व्हॉल्व्ह जोरात चालवला की तो फाटत नाही, घुमतो, घोगरा होतो, गाणाऱ्या माणसासारखा. दुसरं, एका हाताने उचलता येतं म्हणून कुणी विकत असेल तर घेऊच नकोस. आतला लोखंडी ट्रान्सफॉर्मर जड असतो, आणि खर्ज तिथूनच येतो. तिसरं, फार मोठंही नको. इथे गहाणवटीच्या दुकानात एक भलंमोठं आहे, आत चौदा व्हॉल्व्ह. घ्यायला परवडेल, पोसायला परवडणार नाही. दोन वर्षांनी सगळे व्हॉल्व्ह बदलायचे झाले की तुझा पगार त्यात. चार मोठे व्हॉल्व्ह पुरेत. तुझ्या पेट्यांच्या मागे किती ओहम लिहिलंय ते कळव, डोकं आणि पेटी जुळली नाहीत तर डोकं जळतं.

आणि पारख करायची तर कानाने करू नकोस. चर्चमध्ये पियानोच्या बाजूच्या खिडकीत खालचं डावं तावदान सैल आहे, निदान होतं. मी नदीच्या गाण्याचा शेवटचा शब्द, 'किनारा', तळाला नेला की ते थरथरायचं. काचेत मधमाशी अडकल्यासारखं. जाड तार मोकळी वाजव. तावदान बोललं तर घे, नाही तर परत दे.

इतक्या वर्षांत कुणीतरी ते लांबी भरून घट्ट करून टाकलं असेल म्हणा. असो. माझी आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा मामा,
लेम्युएल

*

माउंट नेबो
१४ एप्रिल १९७४

ती. लेम मामास,
सलाम, आणि ईस्टरचा आशीर्वाद मागते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मला खरंच माहीत नव्हतं रे. मी तेव्हा सात वर्षांची. मला एवढंच आठवतं, की आपल्या घरात कुणीतरी खर्जात बोललं की जेवणाच्या टेबलावरचे चमचे हलायचे, आणि मग एक दिवस हलायचे थांबले. आईला विचारलं, तर ती म्हणायची मामाला मोटारी आवडतात. तिच्या अंत्यविधीला तू आलास, शेवटच्या बाकावर बसलास, एक शब्द गायला नाहीस, जेवायलाही थांबला नाहीस. मला वाटलं दुःखाने. दुःखाने होतंच, पण कुठल्या ते मला कळलं नव्हतं.

मी वाजवणं सोडावं असं तुला वाटत असेल तर तसं सांग. मला वाईट वाटेल, पण तू सांग.

तावदान आहे! अजून सैल आहे! मी बोटाने ढकलून पाहिलं. आणि त्याची एक गंमतच आहे. भगिनी मंडळाच्या मिसेस ओफेलिया दर वसंतात लांबीचा डबा घेऊन येतात आणि दर वसंतात बाबा त्यांना परत पाठवतात. चर्चची इमारत डीकन म्हणून बाबांकडे आहे. छप्पर त्यांनी नवं केलं, पायऱ्या नव्या केल्या, पण त्या खिडकीचं नाव काढलं की म्हणतात, हवा खेळती राहायला हवी. मिसेस ओफेलियांचं म्हणणं, त्या हवेने त्यांचा खांदा धरतो, जागा बदला म्हटलं तर बदलत नाहीत. मी बाबांना सहज विचारलं, की ते तावदान पूर्वीपासून वाजतं का? त्यांनी मक्याच्या पावाला लोणी लावता लावता सांगितलं, की जुन्या इमारतीत काहीही वाजतं. लोणी मात्र ते बराच वेळ लावत बसले.

ग्रीनवूडच्या दुकानातलं नवं डोकं एका रविवारापुरतं मागून आणलं. जाड तार वाजवली. आवाज मोठा, पण तावदान ढिम्म. सोमवारी परत केलं. दुकानदार विचारत होता यात कमी काय आहे, मी त्याला काय सांगणार, आमच्या खिडकीला आवडलं नाही?

पेट्या दोन, प्रत्येकीच्या मागे आठ ओहम लिहिलंय. रागावला असशील तरी उत्तर पाठव.

तुझी,
वर्लीन

*

डेट्रॉइट
५ मे १९७४

चि. वर्लीन हिस
आशीर्वाद.

वाजवणं सोडू नकोस. पुन्हा असं विचारलंस तर पत्र न फोडता परत पाठवीन. माझं भांडण तारेशी होतं, तुझ्या बोटांशी नाही.

हवा खेळती राहायला हवी म्हणे. मिसिसिपीत! जिथे हवा स्वतःच घाम पुसत बसते तिथे. तुझ्या बाबांना थापा मारणं कधी जमलंच नाही. मी त्यावर काही म्हणत नाही.

गेले चार शनिवार गहाणवटीची दुकानं पालथी घातली. एक दिसायला देखणं होतं, आतून कुणी वायरी उपसून पुन्हा कोंबल्या होत्या. एक स्वस्त होतं, पण ते गिटारचं, खर्जाला त्याचा ट्रान्सफॉर्मर पुरा पडेना, सूर येईपर्यंत दम सुटायचा. मग काल एक सापडलं. बंद पडलेल्या नाचघरातून आलेलं, पुढची जाळी गंजलेली, एका कोपऱ्याला बिअरचा वास. नावाची पट्टी तुटून पडली आहे, म्हणूनच स्वस्त. आत चार मोठे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर मूळचा, कुणी हात न लावलेला. मागे चार ओहमचं भोक आहे. आठ आणि आठच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की चारच होतात, तेव्हा जोडी जमली. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि गुडघ्याने तिथल्या तिथे मत दिलं.

दुकानदाराशी एक घोटाळा झाला. त्याने डोकं चालू केलं, व्हॉल्व्ह तापायची वाट बघत आम्ही उभे होतो. मी मनाशी अंदाज घेत होतो, म्हणजे नुसता घसा साफ केला म्हण ना. तर तो मान डोलावत म्हणाला, वा, काय खाली जातंय, हाच सूर परत वाजवा. गिटारची वायर मी अजून लावलीच नव्हती. त्याच्या काउंटरवरची घड्याळं मात्र थरथरत होती. असो. विषय बदलतो.

ते मी घेतलं आहे. तुझ्याकडे जमले आहेत तेवढेच पाठव, वरचं मामाचं. बसच्या पार्सलने येईल. व्हॉल्व्ह काढून माझ्या लोकरी मोज्यांत गुंडाळले आहेत. मोजे धुतलेले आहेत, मिसेस ओफेलियांना तसं सांग. कुठल्या खोबणीत कुठला ते मोज्यांवर लिहिलंय. आधी पेट्या जोड, मग डोकं चालू कर. पेटी न लावता व्हॉल्व्हचं डोकं कधीही चालवू नकोस. त्याला आवाज टाकायला जागा मिळाली नाही, की तो आवाज आतल्या आत ट्रान्सफॉर्मर जाळतो. चालू केलंस की घाई करू नकोस. तापू दे.

प्रेम आहे ते असू दे.

लेम मामा

*

माउंट नेबो
९ जून १९७४

ती. लेम मामास,
सप्रेम सलाम आणि मोज्यांबद्दल आभार.

डोकं सुखरूप पोचलं. बस थांब्यावरून आणायला बाबा आले होते. मी तुझं नाव घेतलं नव्हतं, पण खोक्यावर तुझं अक्षर. त्यांनी पत्ता वाचला, टोपी नीट केली, आणि म्हणाले, एका बाजूने धर. चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही दोनदा थांबलो. बाबा म्हणाले, ज्याने हे पाठवलं तोही असाच होता, एकट्याने हलायचा नाही.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. पेट्या आधी जोडल्या. व्हॉल्व्हमध्ये हळूहळू नारिंगी उजेड आला. मग मी जाड तार मोकळी वाजवली. मामा, बाकांच्या खालून आवाज आला. जमिनीतून. आणि तावदान बोललं.

बाबा तेव्हा मधल्या वाटेवर उभे होते, माझ्याकडे तोंड करून. तावदान थरथरलं आणि ते खिडकीकडे नाही वळले, दाराकडे वळले. दार बंदच होतं. ते जरा वेळ दाराकडे बघत राहिले, मग म्हणाले, चांगलं आहे, आणि घरी गेले.

गुरुवारी मी शाळा सुटल्यावर सरावाला गेले, तर डोकं गरम. पेट्या नीट जोडलेल्या, गिटार बाकावर. मला वाटलं मीच बंद करायला विसरले. पुढच्या गुरुवारी मी लवकर गेले. खिडकीतून पाहिलं, बाबा गिटार मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना एक सूर वाजवता येत नाही हे तुला माहीत आहे. ते फक्त जाड तार अंगठ्याने ओढत होते, एकदा, आणि तावदान थांबेपर्यंत ऐकत होते. मग पुन्हा एकदा. मी आत गेले नाही. तशीच परत आले आणि वाटेत रडले.

मामा, ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी वर्धापनदिन आहे. तू ये. बाबांनी हे लिहायला सांगितलेलं नाही, ते सांगणारही नाहीत. मी सांगते आहे. आई असती तर तिने सांगितलं असतं.

वाट बघते.

तुझी,
वर्लीन

*

डेट्रॉइट
३० जून १९७४

चि. वर्लीन हिस
आशीर्वाद.

डोकं चांगलं निघालं, जीव भांड्यात पडला. पाठचे व्हॉल्व्ह कधी निळसर दिसले तर घाबरू नकोस, लालबुंद दिसले तर लगेच बंद कर.

येण्याचं मात्र जमेलसं दिसत नाही. ऑगस्टमध्ये कारखान्यात नव्या मोटारींचं काम निघतं, सुट्टी मागितली की फोरमनचं तोंड वाकडं होतं. गुडघाही बसच्या प्रवासाला तयार नाही.

ही कारणं तुला पटणार नाहीत, म्हणून खरं लिहितो. तावदान हललं हे वाचून मला आनंद झाला, आणि त्याच वाक्यावर वाईटही वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं, ती काच माझ्यावाचून बोलत नाही. आता बोलते. माझी जागा नीट भरली, आणि भरणारं यंत्र मीच मोज्यांत गुंडाळून पाठवलं. आता तिथे येऊन मी काय करू? टाळ्या वाजवू? मला राग नाही.

तू छान वाजव. कसं झालं ते सविस्तर कळव. आठवण मात्र काढत जा.

तुझा मामा,
लेम्युएल

*

माउंट नेबो
१८ जुलै १९७४

रा. रा. लेम्युएल प्रॉक्टर यांस
ऑर्व्हिल स्टॅम्प्सचा सलाम. वि. वि.

आपण पाठवलेले यंत्र मिळाले. त्याबद्दल चर्चतर्फे आभार. आपले शेवटचे पत्र वर्लीनने टेबलावर उघडे ठेवले होते. विसरून ठेवले असे ती म्हणते. तिची आईही अशीच विसरायची.

यंत्राबद्दल दोन तक्रारी कळवणे भाग आहे.

पहिली. यंत्रामुळे ते तावदान वाजते, पण फार वाजते. कुठल्याही गाण्यात तो सूर आला की वाजते. परवा देणगीच्या गाण्यात वाजले, पोरे हसली. आपल्या वेळी ते एका गाण्यात, एका शब्दावर वाजायचे. बाकीच्या गाण्यांत तुम्हाला तिथवर जाता येत नव्हते असे नाही. तू जायचा नाहीस. तू तो सूर राखून ठेवायचास, आणि 'किनारा' आला की सोडायचास, आणि मग लोकांना खरेच पोचल्यासारखे वाटायचे. यंत्राला राखून ठेवता येत नाही. हे मला कळायला यंत्र यावे लागले.

म्हणून मी वर्लीनला सांगितले आहे, की नदीच्या गाण्यात तिने शेवटच्या शब्दावर तार थांबवायची. आम्ही तिघे वर थांबतो आणि खाली कुणी नसते. सरावात तसे करून पाहिले. ऐकायला अर्धवट लागते. ओफेलिया म्हणाली काहीतरी राहिले. मी म्हटले राहिलेच आहे. ती लांबीचा डबा घेऊन आली होती. तिला सांगितले, ऑगस्टनंतर बघू.

दुसरी तक्रार वजनाची. मेजवानीची टेबले मांडायची म्हणून वर्धापनदिनाच्या आदल्या शनिवारी डोके चर्चमधून हलवायचे आहे आणि रविवारी सकाळी परत आणायचे आहे. ते एकट्याने उचलत नाही. वर्लीनला मी उचलू देणार नाही आणि माझी पाठ धरते. दुसऱ्या बाजूने धरायला माणूस लागेल, आणि तो पायऱ्या माहीत असलेला लागेल. पायऱ्या नव्या केल्या, पण तिसरी पूर्वीसारखीच उंच आहे.

शनिवारी मासे तळायचे आहेत. तुला काटे काढून लागतात ते लक्षात आहे.

इडाची आठवण येते. घरात आता कुणी खर्जात बोलत नाही.

आपला,
ऑर्व्हिल

*

डेट्रॉइट
२९ जुलै १९७४

चि. वर्लीन हिस
घाईत आशीर्वाद.

हे कार्डच, लांबण लावायला वेळ नाही. वर्धापनदिनाच्या आदल्या शनिवारी दुपारच्या बसने उतरतो. फोरमनचं तोंड वाकडं झालं, होऊ दे. तुझ्या बाबांना सांग, डोक्याची जड बाजू मी धरीन, ट्रान्सफॉर्मर उजवीकडे आहे. आणि काटे मी स्वतः काढू शकतो, पण त्यांनी काढले तर नाही म्हणणार नाही.

माझे मोजे परत दे.

एक महत्त्वाचं. इतक्या वर्षांनी घसा कुठवर जाईल देव जाणे. तेव्हा बाबा काहीही म्हणोत, नदीच्या गाण्यात शेवटच्या शब्दावर तू तार थांबवू नकोस. हळू वाजव, माझ्या खाली. मला उभं राहायला जमीन लागेल.

तुझा,
लेम मामा